ठमी क्रमांक दोन

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. आज रविवार, सकाळचे साडेनऊ. आधी कच्चं लिहून काढलं होतं, आता पक्कं लिहितोय. तू हसशील. ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरी आलं तर वहिनी आधी उघडतील, आणि त्यांचा यात काही संबंध नाही. मोबाइलवर का नाही लिहिलं, ते शेवटी कळेलच.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय हे तुला माहीतच आहे. येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या. नंतर पंधरा दिवस डोळ्यावर पट्टी, आणि ती उचलून थेंब घालायचे आहेत. बाटल्या तीन. एक दर दोन तासांनी, एक दिवसातून चार वेळा, एक झोपताना, आणि कुठल्याही दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जायला हवीत. आईचा हात थरथरतो, तिला जमणार नाही. मागच्या रविवारी मी बाबांना फोनवर म्हटलं, मी पंधरा दिवस सुट्टी काढतो, मी घालतो.  बाबांच्या मागे दुकानातली घड्याळं वाजत होती, ती मी ऐकत बसलो. मग म्हणाले, दादाला विचारून सांगतो. माझा आठवडा तिथून सुरू झाला.

सोमवारी खोलीतला नळ गळायला लागला. घरमालकीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, मग नळ का नाही दुरुस्त करत? त्यांच्या लेखी दोन्हींत काहीतरी वाहत असतं आणि ते बंद करणं हे माझं काम. वायसर आणून मीच बसवला. बसवायच्या आधी जुना किती मिलिमीटरचा होता ते वहीत लिहिलं. वहीची अजून तीच पद्धत आहे, दादा. कुठलीही आज्ञा आधी पेनाने वहीत लिहायची, बाजूला वेळ, मग मशीनवर टाइप करायची. पडद्यावर गिऱ्हाइकांच्या खऱ्या यादीच्या खिडकीला मी लाल पट्टी लावून ठेवली आहे, सरावाच्या खिडकीला हिरवी. एंटर दाबण्याआधी कोणत्या खिडकीत आहे ते तोंडाने म्हणतो. आमच्याकडे एक जण आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात कारण तो बंद होत नाही. तो नव्या माणसांना माझी ओळख करून देतो ती अशी, की हे गृहस्थ एंटर दाबण्याआधी घरच्यांची परवानगी काढतात. सगळे हसतात. मीही हसतो.

आमची कंपनी भाड्याने खुर्च्या-टेबलं देणाऱ्यांसाठी प्रोग्राम करते हे तुला कधी सांगितलं का? नसेल. तू विचारलं नव्हतंस. रंगाच्या दुकानाच्या वर तिसरा मजला, पाच माणसं, लिफ्ट दोन मजल्यांपर्यंतच. ही नोकरी मी मुद्दाम धरली. इथे माझ्या हातून चूक झाली तर फार तर कुणालातरी उभं राहावं लागेल.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एक लेख वाचला, वर्षाचा तीनशे सहासष्टावा दिवस विसरलेल्या प्रोग्रामांबद्दल. वाचताना बाबांची आठवण आली. तारीख दाखवणारं घड्याळ दुरुस्त करताना ते म्हणायचे, महिना किती दिवसांचा हे याला कळत नाही, ते माणसाने येऊन सांगावं लागतं. त्यांना फोन करून लेखाबद्दल सांगावंसं फार वाटलं. केला नाही. त्यांना वाटलं असतं, उत्तर मागायला केलाय.

दादा, तुला आठवतं का, दुकानातल्या अकरा घड्याळांना रोज सकाळी किल्ली मी द्यायचो. तू कॉलेजात वर चढत गेलास आणि मी दुसऱ्या वर्षात दोनदा आपटलो, तेव्हाही बाबा म्हणायचे, याचा हात स्थिर आहे, हा उपाशी राहणार नाही. भिंग डोळ्याला लावून चिमट्याने काटा उचलायचं कामही मला द्यायचे. तुला नाही द्यायचे. तू घाई करायचास. तू मला प्रोग्रामिंग शिकवलंस, तुझी जुनी पुस्तकं दिलीस, पुढे तुझ्याच ऑफिसात चिकटवलंस, हे मी विसरलेलो नाही. तुझी पत्रं, तुझे अहवाल, तुझे नोकरीचे अर्ज पाठवण्याआधी मी वाचून द्यायचो, कारण तू लिहिलेलं परत वाचत नाहीस. आपली वाटणी अशी होती. तू लिहायचास, मी वाचायचो.

मग तुझ्या ऑफिसातला तो गुरुवार झाला आणि त्यानंतर मी घरी गेलो, तर सकाळी मी किल्ली हातात घेतली तेव्हा बाबा म्हणाले, राहू दे, मी बघतो. रागाने नाही, अगदी मऊपणे. तीन वर्षं झाली, ते मीच बघतो म्हणतायत. मी गॅस बंद केला तरी मागून जाऊन ते बटण चाचपून येतात.

तो गुरुवार तुला सांगायची गरज नाही. तरी मला जसा माहीत होता तसा लिहितो, कारण आता त्याचं काम आहे. डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आपल्याकडे होतं, कुणी कधी तपासायला यायचं त्या तारखांची यादी. त्यात आपणच घातलेल्या खोट्या सरावाच्या नोंदी काढून टाकायच्या होत्या. मी आधी सरावाच्या यादीवर करून बघायचं, बरोबर निघालं की तू खऱ्या यादीवर करायचं. ऑफिसात सगळ्यांना मिळून एकच लॉगिन होतं, त्यामुळे कुणी काय केलं ते नावानिशी कळत नसे, फार तर कुठल्या मशीनवरून गेलं ते नोंदीत दिसे. मी तीन अडतीसला केलं, तुला हाक मारून सांगितलं आणि चहाचे कप विसळायला गेलो. चारच्या सुमारास फोन वाजायला लागले. अकराशे चाळीस माणसांच्या तारखा चुकल्या होत्या. तू माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास, खांद्यावर हात ठेवलास आणि हळू आवाजात म्हणालास, अरे, तू सराव समजून खऱ्यावर चालवलंस, तेही फक्त सरावाच्या नोंदींची अट गाळून, तारखा पुसल्या गेल्या. मी नोंद बघितली, तुझ्याच मशीनवरून गेलंय. घाबरू नकोस, मी आहे.

मी नोंद बघायला मागितली नाही. तू बघितली म्हणालास ना, मग मी कशाला बघू? दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्ही सारख्या. मला वाटलं, झालंच असेल. चार दिवस दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या बाईंच्या शेजारी बसून मी एकेकाला फोन केले. आजोबा, उद्या येऊ नका. आजी, तुमची तारीख होऊन गेली, आजच या. आपल्या शेजारचे शिंपीकाका त्या यादीत होते, आठवतं? डोळ्याला पट्टी, तीनदा बस बदलून गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. त्या डोळ्याने त्यांना आता धूसर दिसतं. त्यामुळेच का, हे कुणी सांगू शकत नाही. तू चार दिवसांत सगळं परत उभं केलंस, तुझं कौतुक झालं, आणि ते खरंच होतं. मी राजीनामा दिला. घरी तूच सांगितलंस, धाकट्याच्या हातून झालं, मी सांभाळून घेतलं.

या मंगळवारी आईचा फोन आला होता. शिंपीकाका बाबांना ऑपरेशनचा धीर द्यायला आले होते म्हणे. आई म्हणाली, ते चांगलेच आहेत रे, एक शब्द काढत नाहीत, पण चहाचा कप शोधताना हात टेबलावर फिरवतात ना, तेव्हा तुझे बाबा दुसरीकडे बघतात.

आता बुधवार. आमच्या मॅडमनी एक रीत पाडली आहे. बुधवारी चार वाजता चहा झाला की कुणीतरी एकाने धंद्यातला एखादा लेख मोठ्याने वाचायचा. लेख मॅडम निवडतात. आधी वाचून यायचं नाही, हा नियम, म्हणजे वाचणारा आणि ऐकणारे एकाच वेळी गोंधळतात आणि प्रश्न खरे निघतात. माझ्यासारख्याला हा नियम म्हणजे शिक्षाच. या बुधवारी पाळी माझी होती. मॅडमनी लेख पडद्यावर लावला. वर तुझं टोपणनाव होतं, ज्या नावाने तू लिहितोस आणि ज्याला आता आमच्या धंद्यात बरेच जण ओळखतात. तू माझा भाऊ हे मी इथे कधी बोललो नाही. लेखाचं नाव होतं, ‘चुकीला नाव नसतं’.

मी वाचायला लागलो. डोळ्यांचा दवाखाना आला तेव्हा थांबून पाणी प्यायलो. मग ते वाक्य आलं. ‘आमच्याकडे औपचारिक शिक्षण अपुरं राहिलेला एक नवखा सहकारी होता, त्याच्या हातून एका दुपारी हे घडलं.’ रेडिओ म्हणाला, बघा, असा एक नग प्रत्येक ऑफिसात असतो! तपासणीचं काम करणारी आमची ताई आहे, ती म्हणाली, नग राहू दे, त्या नवख्याच्या हातात खऱ्या यादीची किल्ली दिली कुणी ते नाही लिहिलं तुझ्या लेखकाने. मॅडम म्हणाल्या, माणसाला दोष द्यायचा नाही, पद्धतीतला दोष शोधायचा, म्हणून तर नावं नाहीत. मी मान हलवली. कुणाचं नाव नाही हे मलाही बरं वाटलं. तू लेख चांगला लिहिला आहेस. दवाखान्यात येऊन परत गेलेल्या आजोबांचं वर्णन तर माझ्या तोंडून ऐकल्यासारखंच होतं, आणि होतंच, मीच तुला सांगितलं होतं.

मग तू लिहिलंस की नेमकं काय घडलं. यादीची एक प्रत काढून ठेवलेली होती, ती परत यादीत ओतली गेली, पण ती प्रत दोन आठवड्यांपूर्वीची होती, त्यामुळे मधल्या दोन आठवड्यांत दिलेल्या आणि बदललेल्या सगळ्या तारखा जाऊन जुन्याच परत आल्या. हे मला पहिल्यांदाच कळत होतं. मला तू सांगितलं होतंस की तारखा पुसल्या गेल्या. मी त्या दुपारी कुठलीही प्रत काढली नव्हती, आणि परत ओतलीही नव्हती. मी वाचत राहिलो. खाली चौकटीत ती आज्ञा जशीच्या तशी दिली होतीस, वाचकांना धडा म्हणून. त्यात त्या जुन्या प्रतीचं नाव होतं. ठमी, खाली आडवी रेघ, दोन.

मी थांबलो असेन. कारण ताईने विचारलं, काय रे, ठमी म्हणजे काय? कुठल्या शब्दांचं संक्षिप्त रूप? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मांजर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, म्हणजे मांजराचं नाव असेल. रेडिओ खूश झाला. मॅडम म्हणाल्या, दमला असशील तर पुढचं मी वाचते. मी म्हटलं, नाही, वाचतो. शेवटपर्यंत वाचलं. एकही शब्द चुकला नाही.

बाबांच्या टेबलावर स्प्रिंगांच्या डब्यात पाय घालून झोपायची ती. तू तिला वरचं दूध चोरून द्यायचास. ती गेली तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास, आणि दुसरी आणली तर तिलाही तू ठमीच म्हणालास. घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा पहिल्या फाइलला तू तेच नाव दिलंस. पुढे ऑफिसातही तात्पुरती कुठलीही प्रत काढलीस की ठमी एक, ठमी दोन, ठमी तीन. मी कितीदा म्हटलं, दादा, तारीख घालत जा नावात, कुठली ठमी कधीची ते कळत नाही. तू म्हणायचास, मला कळते.

गुरुवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी पलंगाखालच्या पेटीतून त्या वेळची जुनी वही काढली. पान एकसष्ट. तीन अडतीस. माझी आज्ञा तिथे आहे, निळ्या शाईत, ‘जिथे नोंद सरावाची असेल तिथेच’ ही अट दोनदा अधोरेखित. खाली टीप, सरावावर बरोबर, दादाला सांगितलं. लेखातली आज्ञा त्याच पानावर समोर उतरवली. एका अक्षराचंही साम्य नाही. तीन वर्षं ही वही माझ्या पलंगाखाली होती आणि मी ती उघडली नाही. कशाला उघडू? तू बघितलंय म्हणाला होतास. खऱ्या यादीची खिडकी मी त्या दिवशी उघडलीच नव्हती. तू माझी आज्ञा वापरायचा कंटाळा केलास, तुझ्या पद्धतीने गेलास, नोंदी काढलेली ताजी प्रत, ठमी तीन, ओतायची ती जुनी ठमी दोन ओतलीस. एवढंच झालं. कुणाच्याही हातून होईल. मी तुझ्यासाठी राजीनामा दिलाही असता, दादा. तुझी छकुली तेव्हा चार महिन्यांची होती. तू मागायला हवं होतंस.

गुरुवारभर वाटत होतं, त्याला आठवत नसेल. घाईचा माणूस, स्वतःलाच पटवून बसला असेल. संध्याकाळी कळलं की रेडिओने लेखाखाली प्रतिक्रिया टाकली आहे, ‘आमच्या एका मित्राचं म्हणणं आहे की ठमी हे मांजराचं नाव आहे, खरं का?’ आणि पुढे हसणारे दोन चेहरे. मी ते वाचलं आणि फोन जवळ घेऊन बसलो. मांजराचं नाव ओळखणारी माणसं जगात किती? आई, बाबा, तू आणि मी. त्यात लेख वाचणारा एकच. मला वाटलं, आता तुझा फोन येणार. काय बोलायचं याचे मी दोन मसुदेही करून ठेवले. एकात मी रागावलो होतो, एकात नव्हतो.

फोन आला नाही. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लेख पुन्हा उघडला. रेडिओची प्रतिक्रिया नव्हती. चौकटीत ठमी नव्हती. तिच्या जागी ‘जुनी_प्रत’ असं सभ्य नाव होतं, आणि तळाशी बारीक अक्षरांत, किरकोळ सुधारणा केली आहे. नवखा सहकारी मात्र जागच्या जागी होता. त्याचं शिक्षणही अपुरंच होतं. म्हणजे तू परत वाचलंस, दादा. आयुष्यात पहिल्यांदा तू स्वतः लिहिलेलं परत वाचलंस, माझ्याशिवाय.

आणि काल शनिवारी, सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी, घरच्या ग्रुपवर तुझा निरोप आला. बाबांच्या थेंबांसाठी एका अनुभवी नर्सबाईंची व्यवस्था केली आहे, पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ येतील, मधले थेंब आई सांभाळून घेईल, धाकट्यावर ताण नको, वेळेचं काम आहे, तो गोंधळतो. खाली बाबांचा अंगठा. मग तुझा मला वेगळा एक निरोप, कसा आहेस, काम कसं चाललंय. पहिल्यांदाच विचारलंस. मी बरं म्हणून कळवलं.

हे पत्र कागदावर लिहिण्याचं कारण एवढंच, की कागदावरचं तुला मागाहून सुधारता येणार नाही. लेख तसाच राहू दे, नवखा सहकारीही राहू दे, मला त्याची सवय झाली आहे. मला तुझ्याकडून माफी नको, आणि बाबांना खरं सांग असंही मी म्हणत नाही, तुला जमणार नाही ते मागून काय करू? फक्त येत्या शुक्रवारच्या आत बाबांना एक फोन कर आणि सांग, नर्सबाई राहू देत, थेंब धाकट्याला घालू दे. कारण विचारलं तर काहीही सांग, तुला सुचतं. तू सांगितलेलं ते ऐकतात. मी सांगितलं तर त्यांना आधी पान एकसष्ट दाखवावं लागेल, आणि ऑपरेशनच्या तोंडावर मी ते दाखवणार नाही. सुट्टी मंजूर करून घेतली आहे. फोन गेला नाही तरी मी जाणार, नर्सबाईंना कापूस देईन, स्टुलावर बसून वेळा लिहीन. वही मात्र इथेच पेटीत कुलपात ठेवून जाईन. पंधरा दिवस एका डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या माणसाला, आपला कुठला मुलगा कसा आहे हे नव्याने ओळखायला मी लावणार नाही. पट्टी निघाल्यावर काय करीन ते मला माहीत नाही. ते तुलाही माहीत नसावं, म्हणून हे लिहिलं.

वहिनींना नमस्कार, छकुलीला पापा.

अजून तरी तुझाच,
धाकटा

ता. क. पत्र दोनदा वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. तूही एकदा परत वाच.